शंभरातले चार

"शंभरातले चार," डॉक्टर मुजावर म्हणाल्या आणि मला हायसं वाटलं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझ्या धाकट्या भावाचं यकृत निकामी होत चाललं होतं. त्याला माझ्या यकृताचा तुकडा हवा होता. तो द्यायला मला पाच महिन्यांत अकरा किलो वजन उतरवायचं होतं आणि ते जमण्याची शक्यता शंभरात चार आहे, असं यंत्र सांगत होतं. अशा वेळी मी, त्रिशला मगदूम, वय सत्तेचाळीस, सांगलीच्या शाळेत आठवी-नववीला गणित शिकवणारी बाई, खुर्चीत बसून मनात म्हणत होते, सुटले!

डॉक्टर निलोफर मुजावर मिरजेच्या हॉस्पिटलात अवयवदात्यांचं काम बघतात. बोलतात हळू, पण आकडा लपवत नाहीत. त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. पडद्यावर मी होते. म्हणजे माझा चेहरा नव्हता, नुसत्या शंभर रेघा होत्या. त्याला प्रतिरूप म्हणतात. मनगटावरची पट्टी माझे ठोके, अंगाची ऊब आणि चालणं मोजायची. हॉस्पिटलनं दिलेली थाळी तिच्यात वाढलेला पदार्थ कडेच्या बारीक कॅमेऱ्यांनी ओळखायची आणि त्याचं वजन करायची. आठवड्याला रक्ताचा एक थेंब. दीड वर्षाच्या या माहितीतून संगणकात माझ्या शरीराची एक नक्कल उभी केलेली होती आणि तिला पुढचे पाच महिने शंभर वेळा जगायला लावलं होतं. दर वेळी परिस्थिती थोडी वेगळी. एकदा ताप, एकदा लग्नसराई, एकदा परीक्षेचे पेपर. शंभरातल्या शहाण्णव वेळा मी सत्तर किलोच्या खाली येतच नव्हते.

"पण मी थाळीत ठरवून दिलंय तेवढंच घेते," मी म्हणाले.

"तेच तर दिसतंय त्रिशलाताई. थाळी बघितली मी. सोळाशे उष्मांक, एक दिवस चुकला नाही. तेवढ्यावर तुमचं वजन आहे तिथंच राहायला हवं होतं. ते नऊ महिन्यांत चौदा किलो वाढलं. म्हणजे तुमचं शरीर आता दिवसाला जेमतेम बाराशे जाळतंय. त्यातून उतरवायचं तर तुम्हाला सहाशेवर ठेवावं लागेल. तेवढ्यावर दाता टिकत नाही, यकृतच बिघडतं."

मग त्यांनी मला चरबीच्या पेशींचं सांगितलं. वजन उतरलं की या पेशी रिकाम्या होतात, मरत नाहीत. आणि त्यांना आठवण असते. आपण एके काळी भरलेलो होतो याची खूण त्यांच्या जनुकांवर वर्षानुवर्षं राहते आणि मिळेल ते अन्न त्या हावरटासारख्या ओढून घेतात. शिवाय शरीराला वाटतं, दुष्काळ पडला. ते आपली चूल बारीक करतं आणि भूक मोठी करतं. म्हणूनच जगात कुठंही बघा, कष्टानं उतरवलेलं वजन परत येतं आणि येताना पाहुणे घेऊन येतं.

"तुमच्या बाबतीत हे जरा जास्तच झालंय," त्या म्हणाल्या. "यात तुमचा दोष नाही."

हे वाक्य ऐकायला मी किती भुकेली होते, ते तेव्हा कळलं.

"समितीचा नियम पन्नासचा आहे," त्यांनी पुढं सांगितलं. "शंभरात पन्नास तरी आले पाहिजेत, नाहीतर दाता म्हणून नाव काढतात. तुमचा भाऊ अभिनंदन मग सर्वसाधारण प्रतीक्षायादीत जाईल. समिती महिनाअखेरीला बसेल."

"आणि यादीत किती वेळ लागतो?"

"त्याच्याकडं सहा महिने आहेत असं धरून चालू," डॉक्टर म्हणाल्या. यादीचं त्या काहीच बोलल्या नाहीत.

अभिनंदन म्हणजे आमचा नंदू. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, सांगलीच्या बाजारात हळदीचा व्यापारी. पित्तनलिकांचा आजार झाला, डोळे पिवळे पडले, तर हाच सगळ्यांना सांगत सुटला, "हळद विकून विकून रंग चढलाय बघा." लोकांना मात्र विनोद कळत नाहीत. यकृत म्हटलं की दारू, एवढंच त्यांना ठाऊक. उभ्या जन्मात ज्यानं थेंब चाखला नाही, त्याला बाजारानं दारुडा ठरवून टाकलं.

त्याच्या बायकोचा, राजुलचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला, पण माझं वजन अठ्ठ्याऐंशी आणि यकृतात चरबी. चरबी साठलेला तुकडा दुसऱ्याच्या पोटात नीट धरत नाही आणि दात्याकडं उरलेला भागही नीट वाढत नाही. तेव्हा मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली आणि पुण्याला दात्यांसाठी असलेल्या निवासात जाऊन राहिले. सात महिने. स्वयंपाक नाही, ओटा नाही, नुसती थाळी समोर यायची. अठ्ठ्याऐंशीची सदुसष्ट झाले. शस्त्रक्रियेची तारीख ठरली, मी बॅग भरली आणि तारखेच्या चार दिवस आधी नंदूला जंतुसंसर्ग झाला. ‘आधी तो आटोक्यात आणू, मग बघू,’ असं म्हणता म्हणता नऊ महिने गेले. तोवर मी घरी येऊन एक्क्याऐंशी झाले होते.

त्या नऊ महिन्यांत लोकांनी मला काय काय ऐकवलं! "उतरलेलं दिसत होतं की गं, परत कसं काय?" हा प्रश्न लग्नात, बस्तीत देवदर्शनाला, शाळेच्या जिन्यात, सगळीकडं. कोणी सरळ बोलायचं, कोणी माझ्या पदराकडं बघून बोलायचं. नंदूच्या सासूनं तर एकदा माझ्या ताटाकडं बघून नुसता उसासा टाकला होता. मला त्या उसाशाचा इतका राग आला की मी घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

शंभरातले चार आले आणि सगळं बदललं. माझे यजमान भरतेश यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. "तिच्या पेशींनाच आठवण आहे हो, ती तरी काय करणार," असं ते पाठ केल्यासारखं सांगत होते. नंदूच्या सासूनं फोनवर मला सॉरी म्हटलं. माझी मुलगी सन्मती शाळेतून आली आणि थेट गळ्यात पडली. सगळे माझ्याशी आजाऱ्याशी वागावं तसं वागायला लागले आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

आता आमच्या घरातले नेम सांगायला हवेत, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही जैन आणि सासूबाई नेमाच्या पक्क्या. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची. रात्र उलटलेलं अन्न दुसऱ्या दिवशी खायचं नाही. आणि अन्न टाकायचं तर मुळीच नाही, कणात जीव पडतो, पाप लागतं. हे तिन्ही नेम चांगलेच आहेत, मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तिन्ही एकदम पाळायचे तर उरलेल्या अन्नानं जायचं कुठं? गावाकडं होतो तेव्हा गोठ्यात म्हैस होती, उरलंसुरलं तिच्या घमेल्यात जायचं. सांगलीत फ्लॅट घेतला, म्हैस विकली आणि तिची जागा मी घेतली.

कोणी मला तसं सांगितलं नाही बरं का. घरच्या बाईला असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. मोजून-मापून करणं म्हणजे दळिद्रीपणा, चार घास जास्तच असावेत, ही सासूबाईंची रीत. भरतेश द्राक्षबागांवर ड्रोननं फवारणी करणाऱ्या कंपनीत. ते कधी सहाला येणार, कधी आठला. उशीर झाला तर आईसमोर रात्री जेवायला नको म्हणून बाहेरच काहीतरी खाऊन येणार. सन्मतीचा तर नेमच नाही, आज तीन भाकऱ्या, उद्या अर्धी. मी पाच वाजता माझी थाळी मोजून जेवायचे. मग साडेसहाला सूर्य खाली जायला लागला की ओट्याशी उभी राहून पातेली मोकळी करायचे. ते जेवण नव्हतंच. ते आवरणं होतं. भांडी घासण्याआधी भांडी रिकामी करावी लागतात, एवढंच.

निकाल लागल्यानंतर आठेक दिवसांनी गुरुवारी गुडघा फारच ठणकत होता. उभं राहवेना. बाकीची ताटं घासायला पडलेली, स्वच्छ अशी एकच थाळी, हॉस्पिटलची. मी खुर्ची ओढली आणि उरलेलं तिच्यातच वाढून घेतलं. दीड भाकरी, दाण्याचं कूट घातलेली दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, पातेल्याच्या तळाचा भात आणि सन्मतीनं नको म्हटलेलं तूप.

थाळीची कड हिरवी झाली. "दुसरं जेवण. चारशे वीस उष्मांक. नोंद करू?"

"नको, नको," मी दचकून म्हणाले. "हे जेवण नाही."

"नोंद काढली," थाळी म्हणाली.

मी ते खाल्लं. थाळी धुतली, पुसली, जाग्यावर ठेवली. मग सहामाहीचे पेपर तपासायला बसले. एका पोरानं शाब्दिक उदाहरणाचं उत्तर बरोबर आणलं होतं आणि मधली एक पायरीच गाळली होती. मी लाल पेननं लिहिलं, ‘ही संख्या कोठून आली?’ आणि माझा हात तिथंच थांबला.

पेपरच्या कोऱ्या पाठीवर मी गणित मांडलं. दिवसाला चारशे. नऊ महिन्यांचे दोनशे सत्तर दिवस. गुणाकार एक लाख आठ हजार. एक किलो चरबी म्हणजे साधारण सात हजार सातशे उष्मांक, हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. भागाकार केला. चौदा.

वर तीन शतांशही होते, पण ते सोडून देऊ.

माझ्या शरीरानं चूल बारीक-बिरीक काही केली नव्हती. ते बिचारं भट्टीसारखं जळत होतं. प्रतिरूपही खोटं बोलत नव्हतं. त्याला जे दिलं त्यावरून त्यानं उत्तर काढलं होतं आणि ज्याची नोंदच नाही ते त्यानं माझ्या पेशींच्या माथी मारलं होतं. पुण्यात माझं वजन उतरलं, कारण पुण्यात मला पातेली नव्हती.

हा कागद घेऊन मी त्याच पावली डॉक्टरांकडं धावले असते, तर ही गोष्ट सांगायला मला जड गेलं नसतं. मी तो कागद चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

का, ते सांगते. दोष शरीराचा होता तोवर मी निर्दोष होते. आता कागद दाखवला की नऊ महिने मीच खाल्लं, असं होणार. भाऊ तिकडं झिजतोय आणि ही इकडं तूप-भात ओरपतेय. तो उसासा परत येणार आणि या वेळी तो खरा असणार. आणि दुसरंही होतं. कागद दाखवला की मला परत सुरुवात करावी लागणार. परत ती कोरडी भाकरी, परत ते पहाटे पोटात पडणारे पीळ, परत दर सोमवारचा तो काटा. एकदा चढून गेलेला डोंगर खाली येऊन पुन्हा चढायचा. पहिल्या वेळी तो किती उंच आहे ते माहीत नव्हतं म्हणून चढले. आता माहीत होतं. माझ्यात तेवढं बळ उरलं नव्हतं, हे खरं.

रविवारी नंदूला भेटायला गेले. गावभागातल्या घरी तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. पोटात पाणी झालेलं, हातांच्या काड्या. मला बघून हसला.

"ये अक्का. बस की हितं. राजुल, अक्काला शिरा आण गं. आता तिला कसली बंदी न्हाई."

"नको रे," मी म्हणाले.

"खा गं. एवढे दिवस माझ्यापायी उपाशी ऱ्हायलीस, पुरे झालं. डॉक्टरीण म्हणाली मला सगळं. पेशीलाच आठवण असती म्हणं. त्यात तुजा काय दोष?" त्यानं माझा हात हातात घेतला. "मनाला लावून घेऊ नगंस. माजं जे व्हायचं ते हुईल. तू जेव."

राजुलनं शिऱ्याची वाटी माझ्या हातात ठेवली. पर्स मांडीवर होती. आतल्या कप्प्यात कागद होता. मी शिरा खाल्ला. सगळा खाल्ला, कारण टाकायचा कसा? आणि तो माझ्याकडं मायेनं बघत होता. आयुष्यात मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती.

सोमवारी शाळा सुटल्यावर घरी न जाता मी मिरजेची बस धरली.

डॉक्टर मुजावरांनी कागद उलगडला. आधी त्यांना वाटलं मी चुकून विद्यार्थ्याचा पेपर दिला. मग त्यांनी पाठ बघितली, गणित वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हे कधीपासून?"

"सांगलीत फ्लॅटात राहायला आल्यापासून," मी म्हणाले. "पुण्याचे सात महिने सोडून."

"मी तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. जेवणाशिवाय काही खाता का? बिस्किटं, फरसाण, काहीही."

"तुम्ही खाण्याचं विचारलं होतं. मी ते खाणं धरत नव्हते."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या उठल्या, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि परत येऊन बसल्या.

"आमच्या अम्मी पण असंच करायच्या," त्या म्हणाल्या. "आणि मला सुचलं नाही. रोज साडेसहाच्या पुढं तुमचे ठोके वाढलेले दिसतात, अंगाची ऊब वाढलेली दिसते. प्रतिरूपानं तो भावाच्या काळजीचा ताण धरला आणि मी मान डोलावली."

त्यांनी दोनशे सत्तर दिवसांत दिवसाला चारशे धरून प्रतिरूपाला नवं गणित दिलं. वीस मिनिटं लागली. रेघा पुसल्या गेल्या आणि एकेक करून परत उमटल्या. मी मोजत होते. काही सत्तरच्या खाली जात होत्या, काही वरच अडकत होत्या.

"एकेचाळीस," डॉक्टर म्हणाल्या.

"आमच्याकडं पस्तिसाला पास करतात," मी म्हणाले.

"आमच्याकडं पन्नास." त्या हसल्या नाहीत. "आता नीट ऐका. पेशींची आठवण खोटी नाही. ती सगळ्यांना असते, तुम्हालाही आहे. दुसऱ्या खेपेला भूक पहिल्यापेक्षा जास्त लागते आणि वजन हळू उतरतं. हे पाच महिने पुण्यापेक्षा वाईट जातील. शिवाय प्रतिरूपाला तुमचं शरीर कळतं, तुम्ही उद्या काय ठरवाल ते कळत नाही. ते मागचं धरून चालतं आणि मागचे नऊ महिने तुम्ही रोज संध्याकाळी खाल्लेलं आहे. समितीला अजून सतरा दिवस आहेत. सतरा दिवस वेगळं वागून दाखवा, ते तेही धरील."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नाव निघेल," त्या म्हणाल्या. "पण मग ते खऱ्या आकड्यावर निघेल."

घरी आले तेव्हा सहा वाजायला आले होते. सासूबाई पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी चप्पलसुद्धा काढली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"म्हंजी माज्या नेमानं तुज्या भावाचा जीव चाललाय, असं म्हण की."

"तसं नाही म्हणत, आई."

"मग कसं म्हंतीस? टाकून देऊ अन्न? पाप का पुण्य कायतरी बघायचं का न्हाई माणसानं?"

"टाकू नका. पण माझ्या पोटात पण टाकू नका," मी म्हणाले. पंचवीस वर्षांत त्यांच्यासमोर माझा आवाज असा पहिल्यांदा चढला. "माझं पोट म्हणजे काय कोनाडा आहे का, नको ते ठेवायला?"

त्या सूप बाजूला ठेवून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी कुणीच पुरतं जेवलं नाही. एक भाकरी, अर्धं पातेलं आमटी आणि वाटीभर भात उरला. सूर्य खाली गेला. मी ओट्याकडं पाठ करून बसले. पोटात नुसता खड्डा पडला होता आणि कानाला ते पातेलं हाका मारत होतं. मी हात मांडीखाली दाबून धरले. अंधार पडल्यावर सासूबाई बाहेर आल्या, पातेल्यात बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी ते सगळं एका डब्यात भरलं आणि तशाच अंधारात जिना उतरून गेल्या. कोपऱ्यावरच्या गोठेवाल्याकडं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे माझ्याहून वाईट, तीन मजले उतरून गेली आणि चढून आली.

"उद्यापासनं सकाळीच इचारायचं," आल्यावर त्या धापा टाकत म्हणाल्या. "कोन किती खानार ते. आनि भरतेशला फोन कर. पाच वाजायच्या आत सांगितलं न्हाई, तर त्याच्या नावाची भाकरी व्हायची न्हाई. आईनं सांगितलंय म्हण."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पीठ मोजलं. वाटीला काठोकाठ लावून, वरचं बोटानं काढून. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं, त्यांना ते किती जड जातंय. मी आभार मानले नाहीत. आमच्यात ती पद्धत नाही.

मला लोक विचारतात, परत सुरुवात करायला मन कुठून आणलंस? कुठून आणणार? ते काय बाजारात मिळतं? पहिल्या वेळी उत्साह होता, सगळे कौतुक करत होते, फोटो काढत होते. दुसऱ्या वेळी तसलं काही नव्हतं. भूक लागायची तेव्हा शिऱ्याची वाटी आठवायची आणि त्या वाटीच्या लाजेवर मी एक संध्याकाळ ढकलायचे. दुसरी संध्याकाळ आली की परत तीच लाज. तिसऱ्या दिवशी मी रडले. चौथ्या दिवशी शाळेत एका पोराला उगाच झापलं आणि त्याची माफी मागितली. पाचव्या दिवशी काटा नऊशे ग्रॅम खाली होता. डॉक्टरांनी रोजच्या नोंदी प्रतिरूपाला दिल्या आणि सहाव्या दिवशी सकाळी कळवलं, त्रेचाळीस.

नंदूला सांगायचं राहिलं होतं. ते मी मुद्दामच राहू दिलं होतं. सहाव्या दिवशी गेले. राजुल औषधं आणायला बाहेर पडली होती. मी दार ओढून घेतलं आणि खाटेजवळ खुर्ची घेतली.

"नंदू, मी खात होते," मी म्हणाले.

"काय?"

सगळं सांगितलं. पातेली, सूर्यास्त, थाळी, चारशे, चौदा. तो ऐकत होता. मधेच त्याला हसू येईल, तो काहीतरी टवाळी करील असं मला वाटत होतं. त्यानं केली नाही.

"नऊ म्हैने?"

"नऊ महिने."

"आनि मागल्या रविवारी मी तुला शिरा खा म्हणालो, तवा?"

"तेव्हा मला माहीत होतं."

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. बाहेर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी त्या मोजल्या, सहा झाल्या.

"लोकं मला बेवडा म्हणत्यात," तो भिंतीकडं बघतच म्हणाला. "त्येचं एवढं वाटलं न्हवतं मला, अक्का."

माफ कर, असं म्हणायला आले होते, पण ते फार लहान वाटलं. मी बसून राहिले. जा म्हणाला असता तर गेले असते, पण त्यानं जा म्हटलं नाही.

मग त्यानं मान वळवली.

"आज वजन किती?"

"ऐंशी पूर्णांक एक."

"मशीन काय म्हंतंय?"

"एकेचाळीस होतं. आज त्रेचाळीस."

"पन्नास पायजेत ना?"

"अकरा दिवस आहेत अजून."

तो माझ्याकडं बघत राहिला. माझ्या तोंडाकडं, हातांकडं. बाजारात हळदीचं कांडं मोडून आतला रंग बघताना तो असाच बघायचा.

"जेवलीस आज?"

"जेवले. थाळीत होतं तेवढं."

"आनि आता भूक लागलीया?"

"लागलीय."

"लई?"

"लई रे, नंदू," मी म्हणाले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्यासमोर रडले.

त्यानं डोळे मिटून घेतले आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"बरं वाटलं ऐकून," तो म्हणाला.